दहा-बारा वर्षांच्या मुलांचे पहिले मुरुम: किनारपट्टीवरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

आचऱ्यापासून अलिबागपर्यंत कुठल्याही दवाखान्यात आईवडील हेच प्रश्न विचारतात, फक्त बोलीचा हेल बदलतो. खालची उत्तरं साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहेत. कॉलेजातल्या ताईदादांचे उपाय या वयाला लावू नयेत. यातल्या बऱ्याच उत्तरांत काही नवीन लावा म्हणण्याऐवजी आधी काहीतरी थांबवा असं सांगितलं आहे. या वयाला तेच जास्त उपयोगी पडतं.

मुलगी चौथीत आहे. इतक्या लवकर मुरुम कसे?

येतात, आणि बहुतेक वेळा त्यात आजार काही नसतो. मूत्रपिंडांच्या वर ॲड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात. मूल ६ ते ८ वर्षांचं झालं की त्या हळूहळू जाग्या होतात आणि त्यांच्या संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तेलग्रंथी कामाला लागतात. वयात येण्याची बाकी लक्षणं त्यानंतर बऱ्याच काळाने दिसतात. म्हणजे चेहरा तेलकट दिसणं आणि नाकावर बारीक दाणे येणं ही कधीकधी वयात येण्याची सगळ्यात पहिली खूण असते.

तेल आणि मृत पेशी मिळून केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजवतात. छिद्राचं तोंड बंद राहिलं तर कातडीच्या रंगाचा किंवा पांढरट दाणा दिसतो, उघडं राहिलं तर काळा ठिपका. तो काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतलं रंगद्रव्य आणि तेल हवेच्या संपर्कात आलं की काळं पडतं. त्यामुळे "नीट तोंड धुत नाहीस" हे वाक्य आधी बंद करा. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यातच हे दाणे जास्त असतात. लाल, दुखरे फोड या वयात कमी येतात. आईला किंवा बाबांना लहानपणी खूप मुरुम होते, तर मुलालाही ते जास्त येण्याची शक्यता असते.

म्हणजे आता पाळी लवकर येणार का?

नुसत्या मुरुमांवरून ते सांगता येत नाही. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात सहसा स्तनांच्या गाठीपासून होते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. त्या आधीही मुरुम असू शकतात. पण मुलीला पाळीबद्दल अजून काहीच सांगितलं नसेल, तर हा चांगला मुहूर्त आहे.

कोणत्या वयात मात्र लगेच दाखवावं?

१ ते ७ वर्षांच्या मुलाला खरे मुरुम येणं नेहमीचं नाही, तिथे डॉक्टरांनी संप्रेरकांच्या दृष्टीने तपासायला हवं. तसंच ८ वर्षांच्या आत मुलीच्या छातीत बदल दिसले, ९ वर्षांच्या आत मुलाच्या वृषणांची वाढ सुरू झाली, लहान वयात काखेत किंवा जांघेत केस आले, घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला किंवा उंची एकदम झपाट्याने वाढली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. कोणी "आजकालच्या मुलांचं असंच" म्हणालं, तरी दाखवा.

हे मुरुमच आहेत हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दमट हवेत चेहऱ्यावर उठणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि घरात सगळ्यांना एकच नाव असतं: "पुळ्या".

घामोळं एकदम, एक-दोन दिवसांत येतं. मान, पाठ, छाती, कपाळ, जिथे घाम साचतो तिथे. टोचतं, चुणचुणतं आणि गार हवेत बसलं, सुती कपडे घातले की काही दिवसांत ओसरतं. वैशाखात आणि ऑक्टोबरच्या उन्हात जास्त.

दुसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. कपाळावर केसांच्या रेषेलगत, कधी पाठीवर आणि छातीवर, एकाच मापाचे, एकसारखे बारीक दाणे आणि त्यांना खाज. हे मुरुम नसून मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीमुळे केसांच्या मुळांना आलेली सूज असते. ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, पण घाम आणि तेल मिळालं की माजते. मुरुमांच्या औषधाने ती हटत नाही आणि अँटिबायोटिकने उलट वाढू शकते. डॉक्टर बुरशीवरचं मलम किंवा शाम्पू देतात, आणि महिनोन्‌महिने मुरुम समजून घासलेलं कपाळ थोड्या आठवड्यांत साफ होतं. खाज हा इथला मुख्य धागा आहे. साध्या मुरुमांना सहसा खाज नसते.

तिसरं खास आपलं, आंब्याचा चीक. देठाकडचा चीक तोंडाला लागला की ओठांभोवती, गालावर लाल चट्टे आणि पाणीदार फोड उठतात, नंतर काळे डाग राहतात. काजूच्या बीच्या सालीतलं तेल त्याहून वाईट भाजतं. मे महिन्यात झाडावरचा आंबा दातांनी सोलून खाणाऱ्या मुलाच्या तोंडाभोवती काही उठलं, तर आधी हे विचारा. आंबा पाण्यात ठेवून, देठ कापून, चीक निथळून मग द्या.

आणि मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगा असलेले दाणे दिसले तर तो विषाणूमुळे होणारा मोलस्कम असतो. तो टॉवेलवरून भावंडांना लागतो. फोडू नका.

खोबरेल तेल बंद करायचं का? आजी ऐकणार नाही.

आजीचं म्हणणं ठरलेलं असतं: "तेल नाय लावलां तर केस गळतले." तेलाशी भांडण नाहीच. भांडण आहे ते कपाळावर ओघळणाऱ्या तेलाशी.

घरचं खोबरं घाण्यावर नेऊन काढलेलं तेल चांगलंच असतं, केसांच्या लांबीला त्याचा फायदाही होतो. पण शुद्ध असलं म्हणून ते छिद्रं बुजवत नाही असं नाही. सकाळी चप्प तेल लावून दोन वेण्या घालून मुलगी शाळेत जाते. दहा वाजेपर्यंत घामाबरोबर ते तेल कपाळावर आणि कानशिलावर उतरतं. म्हणून दाणे नेमके केसांच्या रेषेलगत असतात. शिवाय वर सांगितलेल्या बुरशीला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, ती आपल्या तेलावर जगते. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते तिला चालतं. "लॉरिक आम्ल मुरुमांचे जंतू मारतं" हे इंटरनेटवर वाचायला मिळतं. ते प्रयोगशाळेतल्या जंतूंबद्दल खरं आहे. चेहऱ्यावर खोबरेल चोळण्याचं ते कारण होत नाही.

मधला मार्ग असा. आठवड्यातून एक-दोनदा, न्हाण्याच्या तास-दोन तास आधी, केसांच्या लांबीला तेल लावा. कपाळालगतचे दोन बोटं अंतर सोडा. मग शाम्पूने किंवा शिकेकाईने पूर्ण काढा. रात्रभर तेल ठेवून झोपवू नका. उशीला तेल लागतं आणि गाल त्याच उशीवर घासतो. अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला. शाळेत जाताना केस कपाळावर न येता मागे बांधा. मुलाच्या बाबतीत तेल लावून भांग पाडण्याचीही हीच गोष्ट आहे. एवढा एक बदल दोन महिने केला तर बऱ्याच मुलांना दुसरं काही लागत नाही.

आजीला हे पटवायचं असेल तर "तेल वाईट" म्हणू नका. "तेल लावूया, पण रविवारी न्हाण्याआधी" म्हणा.

चेहरा दिवसातून किती वेळा धुवावा?

दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी खेळून आल्यावर. मधे खूप घाम आला तर नुसत्या पाण्याने. तळव्यांनी, हळू, नंतर टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेल स्वतःचा. नारळाच्या काथ्याने, घासणीने, दाणेदार स्क्रबने घासलं तर छिद्रांभोवतीची कातडी सुजते आणि दाणे वाढतात.

कोणता साबण?

अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ९-१० च्या आसपास. त्वचेचा सामू साधारण ५ असतो. त्यामुळे चेहरा ताणतो, कोरडा पडतो. त्याऐवजी वासाशिवायचा, सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट बार (साबण नसलेली, धुण्याची सौम्य वडी) घ्या. महागडा लागत नाही. डेटॉल-छाप जंतुनाशक साबणाने मुरुम जात नाहीत, फक्त कातडी रखरखीत होते. बेसन चालेल का, असंही विचारतात. चालतं, पण चोळलं तर ते स्क्रबच झालं.

आमच्याकडे बोअरचं पाणी खारट आहे.

खाडीलगत ही तक्रार खरी आहे. जड पाण्यात साबण फेसत नाही, मग माणूस जास्त साबण घेतो आणि त्याचा थर कातडीवर राहतो. साबण कमी घ्या आणि शेवटचा हात गोड्या पाण्याने, पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या चेहऱ्यासाठी ठेवून. समुद्रात पोहून मुरुम सुकतात असं म्हणतात, पण तो वरवरचा कोरडेपणा असतो. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने तोंड धुवा.

आंबे, बांगडे, चॉकलेट बंद करू का?

आंबा "उष्ण" म्हणून त्याने पुळ्या येतात हे आपल्याकडे गृहीतच धरलं जातं. तसा पुरावा नाही. पिकलेला आंबा त्यातल्या साखरेच्या मानाने रक्तातली साखर मध्यमच वाढवतो. मे महिन्यात पुळ्या वाढतात त्या उकाडा, घाम, चीक आणि दिवसभर उन्हात हुंदडण्यामुळे. आंब्याला एकट्याला पकडू नका. मासळीबद्दलही तेच. बांगडा, तारली, कोळंबी यांच्याशी मुरुमांचा संबंध दाखवता येत नाही, आणि वाढीच्या वयात ते तोडणं मूर्खपणा आहे.

ज्याबद्दल बऱ्यापैकी पुरावा आहे ते म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं: बिस्किटं, पाव, खारी, कोल्ड्रिंक, साखरेची सरबतं, पाकिटातले वेफर. दुधाबद्दल, विशेषतः साय काढलेल्या दुधाबद्दल, काही अभ्यासांत थोडा संबंध दिसतो. तेवढ्यावरून मुलाचं दूध बंद करायचं कारण नाही. चॉकलेटचं चित्र अजून धूसर आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या दादाची प्रोटीन पावडर मात्र धाकट्याला देऊ नका. तिच्यातल्या व्हे प्रथिनाने (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाने) मुरुम वाढल्याची उदाहरणं आहेत. भात, पेज, आमटी, सोलकढी, भाजी हे जेवण जसं आहे तसं चालू द्या. कोकम सरबतात साखर कमी करा, किंवा आगळ, पाणी आणि मीठ एवढंच द्या.

पोट साफ नसल्याने किंवा रक्त अशुद्ध झाल्याने मुरुम येतात ना?

नाही. रक्तशुद्धीची सिरप आणि जुलाब या वयात घरगुती सल्ल्याने देऊ नका. बद्धकोष्ठ असेल तर ते स्वतंत्र दुखणं आहे, त्याचा इलाज वेगळा करा.

हळद, लिंबू, टूथपेस्ट, आमसूल?

आमसूल अंगावर पित्त उठलं की लावतात, ती गांध वेगळी. मुरुमांवर त्याचा उपयोग नाही. कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना छान, चेहऱ्याला नको. हळदीने फारसं नुकसान होत नाही, पण पिवळा डाग घेऊन मूल शाळेत जायला लाजतं. टूथपेस्टने कातडी भाजते आणि तोंडाभोवती पुरळ उठू शकतं. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होऊन गडद डाग उठतात, आणि किनाऱ्यावरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत चेहरा उजळला, मग पुन्हा सगळं परत आलं.

ट्यूब घेऊन या आणि तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र केलेली मलमं सर्रास मिळतात आणि "सगळ्यावर चालतं" म्हणून दिली जातात. पहिले काही दिवस लाली उतरते, म्हणून विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, गालावर आणि तोंडाभोवती नव्या पुळ्या उठतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. हे चक्र मोडायला महिने जातात. गोरेपणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही हेच असतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी गल्ल्यावर ती मिळतात, म्हणून वाचायची जबाबदारी आपल्यावर येते. बरेच दिवस लावत असाल तर एकदम न सोडता आधी डॉक्टरांना दाखवा.

मुंबईची मावसबहीण सुट्टीत सीरमचा संच घेऊन आली. मुलीलाही तेच हवंय.

रेटिनॉल, व्हिटामिन सी, निरनिराळ्या आम्लांची सीरमं ही मोठ्या माणसांच्या सुरकुत्यांसाठी आणि डागांसाठी असतात. दहा वर्षांच्या कातडीवर ती आग, लाली आणि सोलवटणं एवढंच देतात. पण सरळ "नाही" म्हटलं तर ती चोरून लावेल. तिला तिचं असं काहीतरी द्या: सौम्य फेसवॉश, हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. तीन वस्तू, स्वतःची पिशवी. मुलींना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

मग औषध म्हणून काही लावायचंच नाही?

तेल, साबण आणि घासणं सुधारूनही दोन महिन्यांत फरक नसेल, किंवा लाल फोड येत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा. या वयात सहसा दोन औषधांचा विचार होतो.

बेन्झॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्के. जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. जास्त टक्क्याने गुण जास्त येतो असं नाही, आग मात्र जास्त होते. टॉवेल, उशी, गणवेश यांचे रंग उडवतं, म्हणून रात्री लावताना पांढरा अभ्रा घाला.

ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल. बुजलेली छिद्रं मोकळी करतं, त्यामुळे दाण्यांसाठी हेच मुख्य. ९ वर्षांपासून पुढे डॉक्टर ते देऊ शकतात. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, सुक्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक रात्र सोडून. फक्त फोडावर ठिपका लावून काम होत नाही, कारण पुढचा फोड जिथे तयार होतोय ती जागा अजून दिसत नसते. पहिले दोन-चार आठवडे कातडी सोलवटते. तेव्हा मॉइश्चरायझर लावा, घाबरून बंद करू नका.

क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटं महिनोन्‌महिने लावू नका, जंतू निर्ढावतात. पोटातली औषधं ही पुढची पायरी, ती डॉक्टरांनीच ठरवायची. डॉक्सिसायक्लिन ८ वर्षांखालच्या मुलांना मुरुमांसाठी देत नाहीत.

किती दिवसांत गुण येतो?

६ ते ८ आठवड्यांनी फरक दिसू लागतो, खरा अंदाज १२ आठवड्यांनी. गणपतीला चेहरा साफ हवा असेल तर ज्येष्ठात सुरुवात करायला हवी. दर पंधरा दिवसांनी ट्यूब बदलणाऱ्यांचे मुरुम सगळ्यात जास्त टिकतात.

मुलगा आरशासमोर उभा राहून फोडतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर फोडापेक्षा त्याच्यामागे राहणारा डाग जास्त दिवस टिकतो, कधीकधी कित्येक महिने. दाबल्याने आतली घाण आतच फुटते आणि खड्डा पडू शकतो. ओरडून हात थांबत नाही. नखं कापा आणि अभ्यासाच्या वेळी हाताला दुसरा चाळा द्या. पुन्हापुन्हा हात जातो ती जागा झाकायला हायड्रोकोलॉइडचे छोटे चिकट ठिपके मेडिकलमध्ये मिळतात, ते लावले की बोट अडतं.

सनस्क्रीनने आणखी मुरुम येतील ना?

घट्ट, तेलकट क्रीमने येऊ शकतात. जेलसारखं, एसपीएफ ३० किंवा जास्त, छिद्रं न बुजवणारं असं वेष्टनावर लिहिलेलं घ्या. दुपारी मैदानावर किंवा पुळणीवर खेळणाऱ्या मुलाचे डाग त्याशिवाय लवकर जात नाहीत. टोपीही चालते, फक्त ती धुवा. क्रिकेटच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासतो, तोही पुसत जा.

पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

ओले कपडे अंगावर सुकू देऊ नका. दप्तराच्या पट्ट्याखाली पाठीवर पुळ्या येतात, घरी आल्याआल्या सदरा बदला. न वाळलेला, कुबट टॉवेल चेहऱ्याला नको.

शाळेत चिडवतात. काय बोलावं?

"एवढ्याशा पुळ्यांचं काय घेऊन बसलीस" असं तरी म्हणू नका. चिडवणं तिला खरंच लागतं. बाकीच्या मुलांनाही वर्ष-दोन वर्षांत हेच होणार आहे, हे तिला सांगा. नातेवाइकांना मात्र स्पष्ट बजावा. आरतीला जमलेल्या दहा जणांनी आल्याआल्या तोंडाकडे बघून "हे काय झालं गं?" म्हणणं वर्गातल्या चिडवण्यापेक्षा वाईट. मूल शाळा टाळू लागलं, फोटोतून पळू लागलं किंवा गप्प झालं, तर मुरुम थोडे असले तरी उपचार लवकर सुरू करा.

डॉक्टरकडे कधी जायचं, आणि गावात त्वचारोगतज्ज्ञ नसेल तर?

दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणं, छाती-पाठीवर पसरणं, किंवा १२ आठवड्यांत फरक नसणं, यांपैकी काही असेल तर जा. मुलीला पाळी सुरू झाल्यावर मुरुमांबरोबर हनुवटीवर राठ केस येत असतील तरीही. नुसता पाळीचा अनियमितपणा मात्र पहिली दोन-तीन वर्षं लक्षण म्हणून धरू नका, तो त्या काळात नेहमीचा असतो.

पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञ किंवा नेहमीचे डॉक्टर पुरतात. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. घाटातून प्रवास नको असेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून फोनवर मोफत सल्ला मिळतो. चेहऱ्याचे फोटो खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता काढा. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत "मैत्री" केंद्रं चालतात, तिथे मूल एकटं बोलू शकतं. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब घेऊन जा, आजीची बाटलीसुद्धा.

उद्या स्नेहसंमेलन आहे आणि नाकावर मोठा फोड आलाय.

स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून पाच मिनिटं शेका, तासाभराने पुन्हा. सूज आणि लाली थोडी उतरते. बेन्झॉइल पेरॉक्साइड आधीपासून चालू असेल तर रात्री लावा, पहिल्यांदाच लावायला ही रात्र निवडू नका. मेकअप करावाच लागला तर रंग पातळ ठेवा, ब्रश मुलीचा स्वतःचा असू द्या, आणि कार्यक्रम संपल्यावर गाडीत झोपून जाण्याआधी चेहरा धुवून घ्या.